गोष्ट आणि शब्दांचं ओझं: किशोरांसाठीची फँटसी कशी जोखावी

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनगटातल्या नववीतल्या एका मुलीनं तिच्या कादंबरीचा खर्डा माझ्या हातात दिला. दोनशे पानी वही, त्यातली बेचाळीस पानं निळ्या शाईनं गच्च भरलेली. घरी आल्यावर मी लाल पेन घेऊन बसले. पहिल्याच ओळीत 'चंदेरी चंद्राचे रुपेरी किरण' होते, तिसऱ्या ओळीत 'गूढगहन अरण्याचा निबिड अंधकार'. सहा पानं मी रंगवली, शेवटी 'भाषा साधी ठेव' असं लिहिलं आणि पुढच्या शनिवारी वही परत दिली. तिनं ती दप्तरात टाकली आणि पुढे कितीतरी दिवस तिचा विषयच काढला नाही. काही आठवड्यांनी तिच्या मैत्रिणीनं मला सहज विचारलं, "ताई, ते सावल्यांचं वाचलंत ना? मला त्या रात्री झोपच आली नाही."

सावल्यांचं म्हणजे एकविसावं पान. त्या गावात संध्याकाळी प्रत्येकाची सावली सुटून नदीकाठी जाऊन बसते आणि दिवेलागणीला घरी येते. एके दिवशी नायिकेच्या धाकट्या भावाची सावली परत येत नाही. ते पान मी वाचलंच नव्हतं.

किशोरांसाठीच्या फँटसीवर नव्यानं अभिप्राय लिहू लागलेल्यांसाठी हा लेख आहे. म्हणजे ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडणारे, शाळेत वाचनतास घेणारे, परीक्षणं लिहायला लागलेले कॉलेजातले तरुण, आणि घरातल्या मुलाची वही हातात पडलेले पालक. बारा ते अठरा या वयासाठी लिहिलेल्या या पुस्तकांत एक पेच हमखास येतो. गोष्ट धरून ठेवते आणि भाषा मात्र जागोजागी ओसंडून वाहते. अशा पुस्तकाला चांगलं म्हणायचं की वाईट? मी पुढे सांगते ती पद्धत मला त्या वहीनंतर हळूहळू सापडली.

आधी 'शब्दबंबाळ' कशाला म्हणायचं ते ठरवू

संस्कृत शिकलेल्या बहुतेकांनी बाणभट्टाची दंतकथा ऐकलेली असते. सातव्या शतकातला हा हर्षवर्धनाच्या दरबारचा लेखक. त्याची 'कादंबरी' अपुरी राहिली. ती कोणत्या मुलानं पुरी करायची हे ठरवण्यासाठी त्यानं समोरच्या वाळक्या झाडाचं वर्णन करायला सांगितलं. एक म्हणाला, "शुष्को वृक्षस्तिष्ठत्यग्रे." दुसरा म्हणाला, "नीरसतरुरिह विलसति पुरतः." काम दुसऱ्याला मिळालं. दंतकथेचं सोडा, पण तो ग्रंथ बाणाच्या मुलानं पुरा केला हे खरं, आणि आपण मराठीत ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्द त्याच ग्रंथावरून आला हेही खरं. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांनी 'मुक्तामाला' लिहिली तेव्हापासून मराठीतली अद्भुतरम्य कथाही नटूनथटूनच चालत आली आहे. तेव्हा अलंकार दिसला की नाक मुरडायचं, ही सवय आपल्या परंपरेला धरून नाही.

पण त्या दोन ओळी एकदा मोठ्यानं म्हणून बघा. पहिलीत ष्क, क्ष, ष्ठ, ग्र असं सगळं खडबडीत. वाळकी फांदी हातात मोडावी तसा आवाज येतो. दुसरी जिभेवरून लोण्यासारखी घसरते, आणि 'विलसति' म्हणजे तर शोभून दिसतंय. वाळकं झाड! शाळेत आम्हांला दुसरी ओळ सरस म्हणून शिकवली. आज मला वाटतं, पहिल्या ओळीत झाड दिसतं आणि दुसरीत कवी दिसतो.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्रानं 'औचित्यविचारचर्चा' लिहिली, तिच्यात याचा निकष सापडतो. कुणी कंबरपट्टा गळ्यात घातला, हार कमरेला बांधला, पैंजण हातात चढवले, तर लोक हसतील, असं तो म्हणतो. दागिने अस्सल आहेत, फक्त जागा चुकली आहे.

म्हणून शब्दबंबाळ म्हणजे लांब वाक्य नव्हे, तत्सम शब्द नव्हे, उपमाही नव्हे. ज्या जागी शब्द गोष्टीचं काम करत नाहीत, उलट गोष्ट आणि वाचक यांच्यामध्ये येऊन उभे राहतात, ती जागा शब्दबंबाळ. हे पक्कं केलं की पुढचं काम सोपं होतं, कारण मग विशेषणं मोजत बसावं लागत नाही.

पायरी पहिली: हातात पेन्सिल न घेता वाचा

पहिली पन्नास पानं तरी नुसती वाचा. पेन, पेन्सिल, मोबाईलमधली टिपणवही, काही नको. पुस्तकात एक कागदाची पट्टी ठेवा आणि तिच्यावर फक्त दोन गोष्टी लिहा: पुस्तक कोणत्या पानावर खाली ठेवलं, आणि कुठे ओळी गाळून पुढे गेलात. कारणं नंतर.

मुलांबरोबर वाचत असाल तर त्यांच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवा. पान उलटायच्या आधी अंगठा खालच्या कोपऱ्यावर येऊन थांबतो. गोष्ट रंगात आली की तो आधीपासूनच तिथे तयार असतो. वर्णनाचा मोठा ढिगारा आला की अंगठा सरकत परिच्छेदाच्या शेवटाशी जातो, डोळे मधलं सगळं ओलांडून जातात आणि पुढचं अवतरणचिन्ह शोधतात. आमच्या गटातला आठवीतला एक मुलगा ड्रॅगनच्या जाडजूड कादंबऱ्या अशाच वाचतो. राजवाडा कसा होता असं विचारलं तर त्याला आठवत नाही. पण जादू केली की किती दमायला होतं, कोणता शब्द उच्चारला की काय घडतं, ड्रॅगन कोणाशी का बोलत नाही, हे तो न अडखळता सांगतो. त्याला पुस्तक कळलं नाही असं कोण म्हणेल?

मोठ्या वाचकाची अडचण वेगळी आहे. भाषेतली खोट आपल्याला पटकन दिसते आणि ती दिसली की आपण थांबतो. मी थांबले तशी. म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका.

पायरी दुसरी: गोष्ट तोंडी सांगा

पुस्तक मिटा आणि कुणाला तरी गोष्ट सांगा. शक्यतो तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला. चार-पाच वाक्यांत. समोरचा "मग?" म्हणतो का आणि कुठे म्हणतो, तेवढं बघा. तोंडी सांगताना भाषेचे सगळे दागिने गळून पडतात आणि उरतो तो सांगाडा. तो उभा राहतो का हे लगेच कळतं.

खऱ्या पुस्तकावर करून बघू. 'एरागॉन' या कादंबरीवर हा वाद वर्षानुवर्षं चालला आहे. क्रिस्टोफर पाओलिनी १९८३ साली जन्मला, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात वाढला, शिकला घरीच, आणि पंधराव्या वर्षी त्यानं ही गोष्ट लिहायला घेतली. २००२ मध्ये घरच्यांनीच ती छापली. शाळांत आणि ग्रंथालयांत तो मध्ययुगीन पोशाख घालून पुस्तकाबद्दल बोलायला जायचा. २००३ मध्ये क्नॉफ या मोठ्या प्रकाशनसंस्थेनं ती नव्यानं काढली आणि जगभरच्या मुलांनी ती डोक्यावर घेतली. त्रयी म्हणून सुरू झालेली मालिका वाढत वाढत चार भागांची झाली. पुढचे भाग २००५, २००८ आणि २०११ साली आले. समीक्षकांनी मात्र दोन गोष्टींवर बोट ठेवलं: कथानकाचा साचा ओळखीचा आहे, आणि भाषा जड आहे, विशेषणांनी वाकलेली आहे.

आता ही गोष्ट तोंडी सांगा. शेतकरी घरातल्या पोराला जंगलात एक निळा दगड सापडतो. विकायला जातो तर कुणी घेत नाही. एके रात्री तो दगड फुटतो आणि आतून ड्रॅगनचं पिल्लू बाहेर येतं. इथे पहिलं "मग?" येतं. पिल्लू वाढतं आणि दोघं मनातल्या मनात एकमेकांशी बोलू लागतात. दुसरं "मग?" जादूच्या नियमापाशी येतं: एखादं काम हातानं करायला जितकी शक्ती लागली असती, तितकीच ते जादूनं करतानाही अंगातून जाते. म्हणजे झेपण्यापलीकडचं काहीतरी करायला गेलं तर जीव जाऊ शकतो. हा नियम ऐकला की मुलं गप्प होतात आणि मग लगेच हिशेब मांडू लागतात. दगड उचलला तर किती? एखाद्याला बरं केलं तर? प्रत्येक जादूला किंमत आहे, आणि किंमत आहे म्हणून प्रत्येक प्रसंगाला ताण आहे. हे गोष्टीचं बळ आहे. पंधरा वर्षांच्या मुलानं ते सांभाळलं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

म्हणजे या पुस्तकात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. साचा ओळखीचा आहे हे म्हणणंही खरं, फक्त ते भाषेच्या खात्यात टाकू नका. नवखे परीक्षक इथे घोटाळा करतात. कथानक जुनं, नावं अवघड आणि भाषा जड या तीन वेगवेगळ्या तक्रारी 'कंटाळवाणं' या एकाच शब्दात कोंबतात.

पायरी तिसरी: तीन उतारे निवडा आणि मोठ्यानं वाचा

आता पेन्सिल घ्या. पण सर्वांत वाईट उतारा शोधू नका, तसा तो कुठल्याही पुस्तकात सापडतो. तीन जागा आधीच ठरवून टाका: पहिलं पान, बरोबर मधलं पान, आणि ज्या पानावर सगळ्यात मोठा धोका आहे ते पान. तिन्ही मोठ्यानं वाचा. दम कुठे लागतो, जीभ कुठे कंटाळते, तिथे खूण करा.

सरावासाठी मी एक उतारा मुद्दाम रचला आहे. असे उतारे हस्तलिखितांत नेहमी भेटतात.

"काळ्याकभिन्न, गूढगंभीर अंधाराच्या मखमली शालीत लपेटलेल्या त्या प्राचीन, पुरातन बारवेच्या हिरव्याकंच शेवाळानं माखलेल्या पायऱ्यांवरून इरा आपली नाजूक, थरथरती पावलं हळुवारपणे टाकत खाली उतरू लागली. तिच्या पाचूसारख्या टपोऱ्या डोळ्यांत भीतीचे ढग दाटून आले होते. काळाच्या उदरातून उसळलेला एखादा अतृप्त हुंकार जणू तिच्या कानाशी कुजबुजत होता. खाली, खोल खाली, तिच्या आजोबांनी लपवलेला तो दिव्य, तेजस्वी, अलौकिक दिवा युगानुयुगं तिची वाट पाहत होता."

प्राचीन आणि पुरातन यांतला एक शब्द सहज जाईल, ते कुणीही सांगेल. पुढे बघा. अंधार काळाकभिन्न आहे, तर शेवाळाचा हिरवाकंच रंग कुणी पाहिला? अंधारात शेवाळ पायाला कळतं. मखमली शाल म्हटलं की ऊब येते आणि इथे तर हुडहुडी भरायला हवी. हुंकार कुजबुजत नाही. पाचूसारखे डोळे आले आणि आपण इराच्या भीतीतून बाहेर फेकले गेलो, कारण तिला स्वतःचे डोळे दिसत नाहीत. ते बघायला आपण तिच्या समोर जाऊन उभे राहिलो, तेही मिट्ट काळोखात. आणि सर्वांत मोठी खोट शेवटच्या वाक्यात आहे. दिवा आजोबांनी लपवला, मग तो युगानुयुगं कसा वाट पाहतोय? ही भाषेची नाही, गोष्टीची चूक आहे, आणि ती शब्दांच्या आड लपून गेली. लेखिकेच्या स्वतःच्याही नजरेतून सुटली असणार. फाजील शब्दांचं खरं नुकसान हे आहे.

एक गोष्ट मात्र मी राखून ठेवीन: 'खाली, खोल खाली'. शब्द पुन्हा आला आहे, पण त्या पुन्हा येण्यातच उतरणं आहे.

हाच प्रसंग असाही लिहिता येईल:

"इरा पायऱ्या मोजत उतरत होती. शेवाळ बुळबुळीत होतं म्हणून एक हात भिंतीवर. सतरा मोजून झाल्या. अठरावी पायाला लागेना. आजोबांबरोबर ती शंभरदा इथे उतरली होती आणि तेव्हा अठरावी पायरी होती. खाली, खोल खाली, दिव्याची ज्योत तिला बघून हलली."

इथे नुसती काटछाट झालेली नाही. एक पायरी नाहीशी झाली, म्हणजे काहीतरी घडलं. भीती सांगावी लागली नाही. उलट, नुसतंच कापत गेलो असतो तर हे हाती आलं असतं: "इरा बारवेत उतरली. आत अंधार होता. तिला भीती वाटली. तिनं दिवा घेतला आणि ती वर आली." यात एकही फाजील शब्द नाही आणि गोष्टही नाही. 'भाषा साधी ठेव' हा सल्ला अपुरा का आहे ते इथे दिसतं. साधेपणा हा गुण तेव्हाच, जेव्हा त्यातून काही दिसतं.

तीन उताऱ्यांवर हे एवढं करायला तास-दीड तास लागतो. सवय झाली की अर्ध्या तासात होतं. वाचताना मी स्वतःला विचारते: हे कोण बघतंय? उपमा त्या जगातली आहे का? समुद्र कधीच न पाहिलेला डोंगरातला मुलगा भीतीला लाटांची उपमा देत असेल तर लेखक मध्ये बोलतोय. क्रियापद काम करतंय की त्याच्या पाठीवर 'हळुवारपणे', 'गंभीरपणे', 'त्वेषानं' बसवलेत? आणि फँटसीत नावं तपासावीच लागतात. कल्पित जगातलं नाव जेवायला हाक मारावी तसं घरभर ओरडून बघा. तोंडात बसलं नाही तर ते दीडशे पानं वाचकाच्या डोळ्यांत खुपत राहणार.

मराठीचा एक खास धोका आहे. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि विशेषणं नामाच्या आधी रांग लावून उभी राहतात. म्हणजे वरच्या उताऱ्यातल्या पहिल्या वाक्यात कोण आणि काय करतंय हे कळायच्या आधी वाचकाला अंधार, शाल, बारव, शेवाळ आणि पायऱ्या एवढं सामान डोक्यावर घेऊन चालावं लागतं. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद लवकर येतात, सामान मागून येतं. त्यामुळे इंग्रजीत जेमतेम खपून गेलेलं भरगच्च वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलं की ते कोसळतं. अनुवादित फँटसी वाचताना हे विसरू नका. शक्य असेल तर मूळ पुस्तकातलं एखादं पान जवळ ठेवा. दोष लेखकाचा की अनुवादाचा, हे न बघता लिहिलेला अभिप्राय दोघांपैकी एकावर अन्याय करतो. उलट हीच रचना ताणासाठीही वापरता येते. दार उघडलं, आणि आत... असं थांबून क्रियापद शेवटपर्यंत लांबवणारा निवेदक मराठीत फार परिणाम साधतो. आपले कीर्तनकार हेच करतात.

पायरी चौथी: निर्णयाची जागा शोधा

ही पायरी माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. किशोरांसाठीच्या फँटसीत कधी ना कधी मुख्य पात्राला काहीतरी ठरवावं लागतं, आणि ते पुन्हा बदलता येत नाही. मित्राला सोडायचं का? खरं नाव सांगायचं का? शक्ती वापरायची का? ते पान शोधा आणि बघा, तिथे भाषेचं काय होतं.

उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ सालची. मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा, असं एका प्रकाशकानं सुचवलं आणि त्यांनी हे दोनशेच्या आसपास पानांचं पुस्तक लिहिलं. त्या जगात प्रत्येक गोष्टीचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्या गोष्टीवर सत्ता चालते. गेड नावाचा हुशार, गर्विष्ठ मुलगा सोबतच्या मुलासमोर आपली शक्ती दाखवायला मृतांतून एक आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते. पुढचं सगळं पुस्तक त्या एका क्षणाची किंमत आहे. भाषा गंभीर आहे, जुन्या गाथेसारखी लय आहे, रोजच्या बोलण्यासारखी ती मुळीच नाही. पण गेड चुकतो तिथे ती धूसर होत नाही. त्यानं हे का केलं, ते आपल्याला स्वच्छ दिसतं आणि म्हणून दुखतं.

शब्दबंबाळ पुस्तकांत नेमकं उलटं घडतं. निर्णयाचं पान आलं की वादळ सुटतं, वीज कडाडते, काळीज विदीर्ण होतं, नियतीचे धागे गुंफले जातात, आणि दीड पानानंतर पात्र पलीकडे पोचलेलं असतं. ठरवलं कधी, का ठरवलं, काहीच कळत नाही. लेखकालाच ते माहीत नसतं म्हणून धुकं आलेलं असतं. अशा जागी मी खूण करते आणि समासात लिहिते: 'इथे काय ठरलं?' वर्णनाच्या पानांवर शब्दांची उधळण झाली तर मी फार मनावर घेत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी जग तसंच भरभरून दिसतं, लिहिणाऱ्यालाही आणि वाचणाऱ्यालाही. निर्णयाच्या जागी धुकं असेल तर मात्र मी माफ करत नाही, कारण त्या वयाचा वाचक ठरवणं म्हणजे काय हेच बघायला पुस्तकाकडे आलेला असतो.

पायरी पाचवी: दोन पारडी वेगळी ठेवा

दहापैकी अमुक गुण असा एकच आकडा देऊ नका. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या किशोर विभागानं यावर समजूतदार तोडगा काढलेला आहे. त्यांचा प्रिंट्झ पुरस्कार २००० सालापासून साहित्यिक गुणवत्तेसाठी दिला जातो आणि लोकप्रियता हा त्याचा निकष नाही, असं नियमांतच स्पष्ट म्हटलं आहे. त्याच विभागाची 'टीन्स टॉप टेन' ही यादी मात्र किशोरवयीन वाचकांच्या मतांवर ठरते. एकीनं दुसरीला खोटं पाडण्याचा प्रश्न येत नाही.

तुमच्या टिपणात दोन परिच्छेद वेगळे लिहा. एकात गोष्ट: काय घडतं, किंमत काय, कुठे पुस्तक खाली ठेववलं नाही. दुसऱ्यात भाषा: कुठे दिसलं, कुठे आड आलं. मग दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघा. भाषा जड असूनही मूल पुढे वाचत राहत असेल, तर गोष्टीचं बळ मोठं आहे असं बेधडक लिहा. भाषा घोटीव आहे आणि चाळीस पानांत काहीच घडलेलं नाही, तर तेही तितकंच स्पष्ट लिहा; सुंदर वाक्यांना आपण मोठी माणसं फार लवकर भुलतो. मी स्वतः ग्रंथालयासाठी निवडताना कलंडते ते गोष्टीच्या बाजूनं. बारा-तेराव्या वर्षी जाडजूड पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं मूल पुढे भाषेची पारख शिकतं. पुस्तक अर्ध्यात टाकलेलं मूल पुन्हा त्या कपाटाकडे आणणं अवघड जातं.

पायरी सहावी: अभिप्राय लिहा, विशेषतः लिहिणारं मूल असेल तेव्हा

'भाषा अलंकारिक आहे' असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. एक वाक्य उद्धृत करा आणि ते काय करतं ते सांगा. एक चांगलं, एक आड येणारं. चांगलं आधी, आणि मनापासून. 'छान प्रयत्न' हे कौतुक मुलांना बरोबर कळतं की ते कौतुक नाही.

हस्तलिखित असेल तर संपूर्ण वाचून होईपर्यंत समासात काही लिहायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. वाचून झाल्यावर एकच पान निवडायचं आणि त्याच्यावरच काम करायचं. ले ग्विन यांच्याच 'स्टिअरिंग द क्राफ्ट' या १९९८ सालच्या लेखनविषयक पुस्तकात एक सराव आहे: एखाद्या पानाएवढं वर्णन लिहायचं आणि त्यात विशेषण किंवा क्रियाविशेषण एकही वापरायचं नाही. आमच्या गटात आम्ही तो मराठीत करतो. पहिल्यांदा मुलं वैतागतात. 'लाल' म्हणायचं नाही? नाही. मग कुणीतरी लिहितं, 'तिच्या ओढणीवर पळस फुटला होता', आणि सगळे एकमेकांकडे बघतात. हा सराव औषधासारखा घ्यायचा. कायम असंच लिहायचं नसतं, पण महिन्याकाठी एकदा केला तर विशेषणाशिवाय वाक्य कुठे उभं राहतं आणि कुठे खरंच लंगडतं, ते हाताला कळू लागतं.

त्या मुलीची वही मी परत मागितली. बेचाळीस पानं एका बैठकीत वाचली, पेन दुसऱ्या खोलीत ठेवून. मग वेगळ्या कागदावर तिला लिहिलं की एकविसाव्या पानावर मी घाबरले, आणि ते पान आधी न वाचल्याबद्दल तिची माफी मागितली. चौदाव्या पानावर भाऊ सावलीला बांधून ठेवायचं ठरवतो, तिथे मला त्याच्या मनातलं दिसलं नाही, वादळच दिसलं, एवढी एकच खोट दाखवली. दोन महिन्यांनी तिनं नवी वही आणली. सावल्यांचं पान आता सगळ्यात पुढे होतं. चौदाव्या पानावरचं वादळ गेलं होतं आणि भाऊ हातात सुतळी घेऊन उंबऱ्यावर बसला होता.

'चंदेरी चंद्राचे रुपेरी किरण' मात्र तिसऱ्या पानावर तसेच होते. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, ते मी नाही म्हणत. त्यांची आजी गोष्ट सांगते ना, ती म्हणते. ती अशीच बोलते." मी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी म्हातारीच्या आवाजात, अंगणात, मुलांना झोपवताना. ते ठेवायला सांगितलं.